जानेवारीतली उन्हाळी

आमच्या घरात लघवीला शब्द नव्हता. ‘जाऊन येतो’ म्हणायचं आणि ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. पाहुणे असले तर तेही नाही, नुसतं उठायचं. माझे बाबा चाळीस वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. कुणी घरी लग्नपत्रिका घेऊन आलं की ते आधी तिच्यातल्या चुका दाखवायचे आणि मग पाणी विचारायचे. एका वेलांटीवरून त्यांनी एका प्राध्यापकाशी दोन वर्षं अबोला धरला होता. इतका शब्दांचा माणूस, पण कंबरेखालच्या कुठल्याही गोष्टीचं नाव त्यांच्या तोंडून मी पन्नाशीला येईपर्यंत ऐकलं नव्हतं.

त्यामुळे एप्रिलमधल्या त्या शनिवारी सकाळी साडेनऊला आईचा फोन आला आणि ती म्हणाली, “तुझे बाबा सकाळपासून गेलेच नाहीत,” तेव्हा मला वाटलं, फिरायला.

“मग नको जाऊ देऊस,” मी म्हटलं. “ऊन किती आहे बाहेर.”

 ती “बरं” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तो दीड तास मी हिंजवडीजवळच्या माझ्या नव्या फ्लॅटमध्ये कपड्यांच्या घड्या घालत घालवला. अकरा वाजता पुन्हा फोन. या वेळी आईचा आवाज फाटला होता. “अगं, त्यांना होतच नाहीये. पोट टम्म फुगलंय. पहाटे थोडी झाली ती...” इथे ती अडखळली आणि मग एकदाचं म्हणाली, “लाल झाली गं.”

मला माझाच राग आला, आईचा आला, आणि त्या ‘गेले नाहीत’चा तर इतका आला की गाडी चालवताना मी मोठ्यानं बोलत होते. शनिवार असूनही वाकडच्या चौकात सगळं तुंबलेलं. मला दिसत होतं ते बाबांचं पोट. तिकडे काहीतरी तुंबलंय आणि मी इकडे तुंबलेय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

घरी पोचले तेव्हा बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. दोन्ही हातांनी पलंगाची पट्टी धरलेली, कपाळावर घाम, ओठ पांढरे. लेंग्यावर पुढे एक डाग होता आणि त्यावर त्यांनी वर्तमानपत्राची पुरवणी धरली होती. मला बघून म्हणाले, “तू कशाला आलीस एवढ्या उन्हात? जरा उन्हाळी लागलीय, बाकी काही नाही.”

उन्हाळी लागणं म्हणजे उन्हाच्या तडाख्यानं लघवीला आग होणं. पुण्यात प्रत्येक घरात ती कुणाला ना कुणाला लागते. धणे-जिऱ्याचं पाणी प्यायचं, सब्जा घ्यायचा, दोन दिवसांत जाते. मार्चमध्ये एका रविवारी बाबांनी फोनवर मला हेच सांगितलं होतं, “जरा उन्हाळी लागल्यासारखी वाटतेय.” आमच्या घराच्या मानानं हे फार मोठं बोलणं होतं. पण मी काय केलं? तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. सब्जा घ्या, भरपूर पाणी प्या, दुपारचे बाहेर पडू नका. ओळखीचा शब्द कानावर पडला की माणूस निवांत होतो. मी झाले. आग होते का, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता, तो विचारला नाही.

तीन मजले उतरताना ते दर जिन्यावर थांबत होते. आईचे गुडघे गेलेले, ती दारातच राहिली, कठड्याला धरून. माझी गाडी दोन गल्ल्या सोडून लावलेली, म्हणून रिक्षा केली. रिक्षात प्रत्येक गतिरोधकाला बाबांचा हात माझ्या मनगटावर आवळला जात होता. ओरडले मात्र एकदाही नाहीत.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एका सिस्टरनं त्यांना खाटेवर घेतलं, ब्लडप्रेशर आणि नाडी बघितली, दंडात सुई लावून रक्त काढलं. एक तरुण डॉक्टर आली. तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले, बोलणं बीडकडचं असावं. तिनं विचारलं, “काय होतंय आजोबा?”

“उन्हाळी,” बाबा म्हणाले.

तिनं बेंबीखाली हात ठेवला. दाबलाही नाही, नुसता ठेवला, तरी बाबांचे डोळे मिटले. “माझी आजी पण म्हणायची उन्हाळी,” ती म्हणाली. “तिला आग व्हायची, रडायची ती लघवी करताना. तुम्हाला आग होते का?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले.

“ताप आला? कंबरेत कळ, एका बाजूला?”

“नाही.”

“रक्त सुरुवातीला येतं, शेवटी येतं, का सगळीच लाल होते?”

“सगळीच.”

“मग ही उन्हाळी नाही, आजोबा. काही दुखत नाही म्हणून तुम्ही गप्प बसलात. न दुखता रक्त येतं, तेच आम्हाला आवडत नाही.”

किती दिवसांपासून, असं तिनं विचारलं. बाबा म्हणाले, चार दिवस. मी मध्ये पडून मार्चचं सांगितलं. बाबांनी मी त्यांची चहाडी केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. सिगारेट? हृदयाचं झालं तेव्हा सोडली, पण त्याआधी तीस वर्षं. काम? छापखाना. शाईत, रसायनांत हात? “मी वाचायचो,” बाबा म्हणाले. “पण बसायचो तिथेच.” रक्त पातळ करायची गोळी रोज चालू आहे, हे मी सांगितलं. तिनं लिहिता लिहिता पेन थांबवला आणि सिस्टरला रक्ताच्या आणखी तपासण्या सांगितल्या. एक बाटली रक्त तयार ठेवा म्हणाली. ते ऐकून माझी पाचावर धारण बसली.

मग मला पडद्याबाहेर काढलं. आतमध्ये रक्ताच्या गाठी अडकल्यात, त्यांनी वाट बंद केलीय, मोठी नळी घालून त्या धुऊन काढायच्या आहेत, एवढं सांगून डॉक्टर आत गेली. पडद्याखालून तिचे बूट दिसत होते. मोठ्या पिचकारीनं पाणी आत ढकलायचं आणि ओढून घ्यायचं, पुन्हा ढकलायचं, पुन्हा ओढायचं. स्टीलच्या भांड्यात काहीतरी पडत होतं. वीस मिनिटं तरी तो आवाज चालला होता. बाबा फक्त एकदा बोलले, “अहो, जरा हळू.” एवढंच. मी बाहेर उभी राहून चाळीस वर्षांत पहिल्यांदा देवाला काहीतरी मागितलं, आणि काय मागायचं ते सुचत नव्हतं म्हणून नुसतं ‘पुरे, पुरे’ म्हणत राहिले.

समोरच्या भिंतीवर ‘आपत्कालिन विभाग’ अशी पाटी होती. ‘लि’ ऱ्हस्व. बाबांना बाहेर आणल्यावर ही दिसणार आणि ते काहीतरी बोलणार, या एका विचाराला मी धरून राहिले.

ते काही बोलले नाहीत. पडदा उघडला तेव्हा ते छताकडे बघत पडले होते, चेहरा मोकळा झाला होता पण डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांपर्यंत गेलं होतं. त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. चादरीखालून एक नळी खाली पिशवीत गेली होती आणि वर सळईला सलाईनच्या मोठाल्या बाटल्या टांगल्या होत्या. वरून पाणी आत जाणार, आत धुऊन खाली पिशवीत येणार. सिस्टर मला म्हणाली, “ताई, इथं बसायचं आणि याच्याकडं बघायचं. कोकम सरबतासारखा रंग आला तर चालेल. डाळिंबाच्या रसासारखा झाला की मला हाक मारायची. आणि खाली येणं थांबलं तर हाक नाही मारायची, पळत यायचं.”

मी बसले. मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे मी ज्या एकाग्रतेनं बघितलं तसं मी संसारात कशाकडे बघितलं असतं तर कदाचित तो टिकला असता. जानेवारीत मी नवऱ्यापासून वेगळी झाले होते, त्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते, आणि गेले तीन महिने जो तो माझ्याकडे तसं बघत होता, आता काय होतंय म्हणून.

डाळिंब. सिस्टर आली, बाटलीचा वेग वाढवून गेली. कोकम. पुन्हा डाळिंब. माझा जीव टांगणीला लागलेला. बाबा डोळे मिटून म्हणाले, “काय बघतेस तिथे? काही वाचायला आण.” त्यांना लाज वाटत होती. मुलीनं आपली ती पिशवी बघत बसावं, याची त्यांना रक्ताहून जास्त लाज वाटत होती. मला त्याचा इतका संताप आला की मी म्हटलं, “लघवी आहे, बाबा. सगळ्यांना होते.”

चार वाजता पिशवीत पडणं थांबलं. वरून थेंब पडत होते, खाली काही येत नव्हतं. आधी वाटलं मला भास होतोय. मग बाबांनी खाटेची पट्टी धरली. सकाळी धरली होती तशीच. मी पळाले. सिस्टर दुसऱ्या खाटेपाशी होती, तिला दंडाला धरून ओढून आणलं. तिनं आधी वरचं पाणी बंद केलं, पिचकारी लावली, ओढली, काही आलं नाही. पुन्हा ओढली. बाबांच्या घशातून एक आवाज आला, तो मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. तिसऱ्यांदा एक काळपट गाठ आली, अंगठ्याएवढी, आणि तिच्यामागून लाल धार. सिस्टरनं घाम पुसला आणि म्हणाली, “आता बघत बसा.” मी बसले आणि बघत राहिले.

पाचला सोनोग्राफी झाली. आत गाठी होत्याच, पण एका भिंतीला धरून आणखी काहीतरी होतं, पाण्यानं न हलणारं. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मोठे डॉक्टर येतील, सीटी होईल, मग दुर्बिणीनं आत जाऊन ते खरवडून तपासायला पाठवतील. “मॅडम, मला खरी तारीख पाहिजे,” ती म्हणाली. “चार दिवस नाही. मार्च पण नाही, मला वाटत नाही. हिमोग्लोबिन एवढं एकदम नाही उतरत.”

साडेसहाला रंग कोकमावर टिकला. सिस्टर म्हणाली, तासाभरात कपडे घेऊन या, मी आहे. घर दहा मिनिटांवर होतं.

आईनं देवापाशी दिवा लावला होता. मी जे सांगता येईल ते सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, “काही वाईट होणार नाही. इतके उपास केलेत त्यांनी.”

“कुणी?”

“तुझ्या बाबांनी. मला बोलले नाहीत, पण मला कळतं. तुझं सगळं मार्गी लागावं म्हणून करताहेत. बघ की कॅलेंडरवर.”

बाबांना कॅलेंडरवर एका अक्षरात नोंदी करायची सवय आहे. ‘गॅ’ म्हणजे सिलिंडर आला. ‘दू’ म्हणजे दूधवाला आला नाही. ‘डॉ’ म्हणजे हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं. एप्रिलच्या पानावर पेन्सिलीनं, बारीक आणि नेटका, तीन ठिकाणी ‘उ’ होता.

“ना चतुर्थी, ना एकादशी,” आई सांगत होती. “मीही आधी चक्रावले. या माणसानं उभ्या जन्मात उपास केला नाही. पण ज्या दिवशी ‘उ’ लिहायचे त्या दिवशी जेवायचेच नाहीत नीट, भूक नाही म्हणायचे. मग मी म्हटलं, बोलून दाखवायचं नसेल तर राहू दे. ‘उ’ दिसला की मी साबुदाणा भिजत घालायची. खिचडी मुकाट्यानं खायचे.”

मी मार्चचं पान उलटून पाहिलं. ज्या रविवारी त्यांनी मला फोन केला होता त्या चौकोनात ‘उ’ होता. फेब्रुवारीत दोन. जानेवारीत एक, संक्रांतीच्या आदल्या दिवशी.

संक्रांतीच्या थंडीत कुणाला उन्हाळी लागते? आयुष्यभर लोकांचे चुकीचे शब्द खोडून बरोबर शब्द लिहिणाऱ्या या माणसानं पहिल्याच दिवशी, कुडकुडत्या थंडीत, स्वतःच्या कॅलेंडरवर ठरवून चुकीचं अक्षर लिहिलं होतं. त्यांना माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ त्यांनी तीन महिने अशी गच्च आवळून धरली होती.

मी सगळे ‘उ’ पुन्हा एकदा मोजले. आई म्हणाली, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. बरेच केलेत की उपास.” आणि चारही पानांचे फोटो काढले.

डॉक्टरनं फोटो बघितले, कागदावरचे ‘चार दिवस’ खोडले आणि जानेवारी लिहिलं. तिनं काही सुनावलं नाही. तिनं सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

बाबा जागे होते. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा मागितला, स्वतःचं अक्षर नीट बघितलं.

“आईला काय सांगितलंस?”

“काही नाही. ती उपास समजतेय.”

“मग तेच राहू दे.”

“का नाही बोललात, बाबा?”

“जानेवारीत तू सामान हलवत होतीस,” ते म्हणाले. “तुझंच इतकं चाललेलं. त्यात हे काय सांगायचं? वाटलं, थांबेल. दोन-दोन आठवडे थांबायचंही.”

म्हणजे आईचं वाचन अगदीच चुकलं नव्हतं. ते माझ्यासाठीच होतं. मी पिशवीकडे बघत बसले, कारण दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं.

थोड्या वेळानं ऑपरेशनच्या संमतीचा कागद आला. बाबांनी तो सगळा वाचला. मग सिस्टरकडून पेन मागून घेतला आणि ‘मुत्राशय’मधला ऱ्हस्व उकार खोडून दीर्घ केला. “मू,” ते तिला म्हणाले. “मूत्राशय. छापायला टाकताना सांगा त्यांना.” मग सही केली. कंबरेखालचा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला तो हा.

तिसऱ्या दिवशी दुर्बिणीनं ते काढलं. आठ दिवसांनी अहवाल आला: कर्करोग, आणि तो लघवीच्या पिशवीच्या स्नायूपर्यंत उतरलेला. मोठे डॉक्टर म्हणाले, पिशवीच काढायला हवी. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, एवढं मोठं ऑपरेशन या हृदयाला झेपणार नाही. जानेवारीत आले असते तर काय झालं असतं, हे मी दोघांनाही विचारलं. एक म्हणाले, सांगता येत नाही. दुसऱ्यांनी टेबलावरचे कागद नीट लावले.

आता रेडिएशनचा शेक देऊन झालाय. आता वाट बघायची. पुन्हा रक्त दिसलं तर त्याच दिवशी या, वाट अडण्याआधी या, असं बजावलंय. मी बाबांना शपथ घातली, मला फोन करायचा. ते हो म्हणाले. ते करणार नाहीत. ते कॅलेंडरवर ‘उ’ लिहितील, कारण लिहून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि बोलणार नाहीत, कारण बोलल्यावर ते खरं होतं. गाठ होती, ती काढली, एवढंच आईला माहीत आहे. तिला ‘उ’चा अर्थ सांगायचा नाही हे मी बाबांना कबूल केलंय.

म्हणून मी आईला सांगून ठेवलंय, साबुदाणा भिजत घातलास की मला फोन कर. तिनं विचारलं, तुला कशाला? मी म्हटलं, तुझ्या हातची खिचडी खावीशी वाटते. तिला केवढा आनंद झाला. मुलीचं चित्त थाऱ्यावर आलं, उपास फळाला आले, असं ती शेजारी सांगत होती.

दीड महिना फोन आला नाही. मंगळवारी सकाळी आला.

“येतेस का गं? साबुदाणा भिजवलाय. तू येशील म्हणून दोन वाट्या घातलाय.”

“निघालेच,” मी म्हटलं. बाबांचे कपडे आणि सगळे कागद भरलेली बॅग मी दारामागेच ठेवलेली असते. ती उचलली.

“अगं, सावकाश ये,” आई म्हणाली. “काही घाई नाही. भिजायला वेळ आहे अजून.”